खांद्यावरची होडी

उन्हाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर, भिगवण ते पळसदेवच्या पट्ट्यात कुठेही गाडी उभी केली, की पाणी समोर दिसतं पण जवळ नसतं. मधे भेगाळलेली काळी जमीन असते, गाळपेरीचे तुकडे असतात, शेवटी घोट्यापर्यंत पाय ओढणारा चिखल असतो आणि या सगळ्याच्या कडेने वेडी बाभूळ माजलेली असते. धरण १९८० मध्ये पूर्ण झालं तेव्हा भीमाकाठची गावं, मळे, विहिरी, देवळं पाण्याखाली गेली. पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं; विहिरींचे कठडे, भिंतींचे पाये आणि बुडालेल्या झाडांचे बुंधे मात्र पूर्ण वर येत नाहीत, ते वीतभर पाण्याखाली राहतात. हवेने फुगवायची होडी घेणाऱ्याने आधी या काठाचा विचार करायला हवा, मग नदीचा, आणि होडीचा सगळ्यात शेवटी. दुकानात मात्र गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं तो असा, की होडी किती फुटी?

पुण्या-मुंबईहून, सोलापूर-कोल्हापूरहून सुटीच्या दिवशी गळ घेऊन येणारी माणसं आता नद्यांवर ठिकठिकाणी भेटतात. मासा असतो मधल्या डोहात, खडकांच्या आडोशाला, पाणकणसाच्या पलीकडे. काठावरून तिथवर गळ पोचत नाही. फायबरची होडी घ्यावी तर ती ठेवायला जागा हवी, न्यायला टेम्पो हवा, उचलायला चार माणसं हवीत. म्हणून मग घडी घालून पाठीवर मारता येईल अशी हवेची होडी. अशा होड्या वापरणाऱ्यांशी, विकणाऱ्यांशी आणि नदीवर पोट असलेल्या मासेमारांशी बोलल्यावर, होड्या उचलून-फुगवून पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे: आपल्याकडे बहुतेक लोक गरजेपेक्षा लांब आणि गरजेपेक्षा पातळ होडी घेतात. लांबी दिसते, जाडी दिसत नाही. आणि दख्खनच्या नदीवर जीव सांभाळते ती जाडी.

हवेवर तरंगत मासे धरणं इथे नवीन नाही. भीमा, नीरा, गोदावरी, मांजरा, कुठल्याही धरणाच्या फुगवट्यावर पहाटे गेलात तर ट्रकच्या चाकाच्या ट्यूबवर बसलेला मासेमार दिसेल. ट्यूबच्या मधल्या भोकावर जुन्या जाळ्याची किंवा पोत्याची विणलेली बैठक असते, नाहीतर नुसती फळी. पाय पाण्यात. हातात टीचभर वल्हं, कधी तेही नाही, दोन फळकुटं हाताला धरून तो पाणी मारत जातो. संध्याकाळी तंगूस जाळं लावायचं, उजाडताना काढायचं. मिळेल ती चिलापी, कटला, रोहू, नशीब असेल तर मरळ किंवा वाम. काम झालं की ट्यूब खांद्याला अडकवून चिखल तुडवत घरी. खांद्यावरून नेता येईल, कमी पाण्यात चालेल, गावात दुरुस्त होईल, या तीन कसोट्यांवर ही ट्यूब कुठल्याही परदेशी होडीच्या तोडीस तोड उतरते.

तिचा हिशोबही भक्कम आहे. वीस इंची रिमच्या ट्रकची ट्यूब नीट फुगवली तर तिच्यात सुमारे दीडशे लिटर हवा मावते, म्हणजे ती पूर्ण बुडायला जवळपास दीडशे किलो वजन लागेल. पासष्ट किलोचा माणूस आणि भिजलं जाळं ती सहज पेलते. एकच गोष्ट तिच्याकडे नाही: दुसरा कप्पा. काटा शिरला, पाण्याखालच्या बुंध्यावर घासली, उन्हाने कुजलेला जोड उकलला, तर हवा एका दमात जाते आणि खाली काहीच उरत नाही. बहुतेक ट्यूबवाले उत्तम पोहतात. पण पायात जाळं गुंतल्यावर पोहणं कामाला येत नाही, हे तेच सांगतात.

हा दुसऱ्या कप्प्याचा प्रश्न फार जुना आहे. निनवे इथल्या सेनाखेरिब राजाच्या महालातल्या शिल्पपटांत, म्हणजे इसवी सनापूर्वी ७०० च्या आसपास, फुगवलेल्या कातड्यावर मांड टाकून गळाने मासे धरणारी माणसं कोरलेली आहेत. आपल्याकडे सतलजवर म्हशीच्या आख्ख्या कातड्यात हवा भरून माणसं आणि माल पार करत. विल्यम मूरक्रॉफ्ट १८२० मध्ये तसाच नदी उतरला होता. महाराष्ट्रात सुक्या भोपळ्यांची सांगड होती, पोहायला शिकणाऱ्या पोरांच्या कमरेला पांगाऱ्याचा बिंडा बांधत. भोपळा फुटला तर सांगडीतले बाकीचे भोपळे राहत. कातडं फाटलं तर मात्र सगळं संपलं.

या अडचणीवर नीट विचार करणाऱ्या माणसांत मला सगळ्यात आवडतो तो पीटर हाल्केट, ब्रिटिश नौदलातला लेफ्टनंट. जॉन फ्रँकलिन या ब्रिटिश दर्यावर्द्याची उत्तरेकडची मोहीम १८२१ मध्ये परतीच्या वाटेवर कॉपरमाइन नदीकाठी अडकली, कारण नदी ओलांडायला होडी नव्हती. जड होड्या वाटेत टाकून द्याव्या लागल्या होत्या. थंडी-उपासमारीने त्या मोहिमेतली निम्म्याहून अधिक माणसं गेली. हाल्केटने त्यावरून धडा घेतला: होडी अशी हवी की ती टाकून द्यावीशी वाटणार नाही. १८४४ च्या सुमारास त्याने मॅकिंटॉशच्या रबरी कापडाची अशी होडी बनवली, की ती एरवी अंगरखा म्हणून घालता येई. फुगवायला छोटा भाता, वल्ह्याला हातातली काठी, शिडाला छत्री. आणि तिच्या कडेचे चार स्वतंत्र कप्पे, प्रत्येकाला वेगळी झडप, म्हणजे एक फाटला तर तीन शिल्लक. जॉन रे याने ती उत्तर ध्रुवाकडच्या आपल्या प्रवासात प्रत्यक्ष वापरली आणि तिचं कौतुक केलं. नौदलाला त्यात काही राम वाटला नाही. आज एकाच कप्प्याची स्वस्त होडी हातात घेणाऱ्याने हाल्केटची आठवण ठेवावी. १८४४ मध्ये जे सुचलं होतं, ते आजच्या होडीत नसेल तर ती होडी नाही, पोहण्याच्या तलावातलं खेळणं आहे.

पुढची गोष्ट थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात विमानांतून रबरी तराफे गेले. १९५२ मध्ये आलँ बोंबार हा फ्रेंच डॉक्टर साडेचार मीटरच्या आसपास लांबीच्या झोडिॲक या हवेच्या होडीतून एकटा कॅनरी बेटांहून बार्बाडोसला पोचला. अलास्कात १९८२ च्या एका रानवाटेच्या शर्यतीत डिक ग्रिफिथ या पंचावन्न वर्षांच्या गड्याने नदीकाठी येऊन पाठीवरच्या पिशवीतून छोटी प्लास्टिकची होडी काढली, फुगवली आणि तरण्या स्पर्धकांना काठावर ठेवून पलीकडे गेला. तिथूनच पुढे पाठीवर मावणाऱ्या तीन-चार किलोच्या होड्यांचा व्यवसाय उभा राहिला.

आता कापडाकडे. बाजारात मिळणाऱ्या होड्या ढोबळमानाने तीन जातीच्या. पहिली नुसत्या प्लास्टिकच्या पत्र्याची, आत विणलेलं कापड नाही. ती हलकी असते, काही हजारांत मिळते, खोक्यावर मासे धरणाऱ्या हसऱ्या कुटुंबाचं चित्र असतं. दाब जास्त दिला की ती फुग्यासारखी ताणली जाते, म्हणून ती कायम मऊ ठेवावी लागते. आणि मऊ होडी वल्हवताना मधोमध वाकते. दुसरी पीव्हीसीची: आत पॉलिएस्टरचं विणलेलं कापड, दोन्ही बाजूंनी पीव्हीसीचा थर. विक्रेते हिची जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात आणि कापड 'हजार डेनियर' किंवा 'अकराशे डेसिटेक्स' असं सांगतात. दोन्हीचा अर्थ जवळजवळ सारखा, दहा हजार मीटर धाग्याचं वजन अकराशे ग्रॅम. ०.९ मिलिमीटरच्या खाली मी दख्खनच्या खडकासाठी जाणार नाही. तिसरी जात म्हणजे ज्याला सगळे हायपालॉन म्हणतात ते कृत्रिम रबर. उन्हाला सगळ्यात टिकाऊ तेच. पण हायपालॉन हे ड्यूपाँट कंपनीचं नाव होतं आणि त्या कंपनीने त्याचं उत्पादन २०१० मध्येच थांबवलं. त्याच रसायनाचं रबर इतर कारखाने बनवतात, ते चांगलंही असतं. तेव्हा नावावर भाळू नये, कापड कुणाचं आणि जोड कसा केला आहे ते विचारावं. मासेमारीच्या छोट्या होडीला मला तरी चांगलं पीव्हीसी पुरेसं वाटतं. वर्षातून पंधरा-वीस दिवस पाण्यात जाणारी होडी रबराच्या किमतीची घेण्यापेक्षा तोच पैसा तळाच्या जाड पट्ट्यांवर आणि लाइफ जॅकेटवर घालावा.

जोड हा खरा कस. उष्णतेने वितळवून सांधलेले जोड आपल्या हवेत गोंदाच्या जोडांपेक्षा बरे टिकतात. कोकणातला दमट पावसाळा आणि मराठवाड्यातला चाळीस-पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा, दोन्ही गोंदाचे वैरी आहेत. होडी विकत घेण्याआधी ती दुकानात पूर्ण फुगवायला लावावी, सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी फिरवावं आणि शक्य असेल तर रात्रभर तशीच ठेवावी. विक्रेता याला तयार नसेल तर दुसऱ्याकडे जावं.

हवेचा दाब ही गोष्ट फार कमी लोक मनावर घेतात, आणि आपल्या उन्हात ती सगळ्यात आधी मनावर घ्यायला हवी. पीव्हीसी होडीच्या बाजूच्या नळ्यांत साधारण पाव बार दाब लागतो. हिवाळ्याच्या सकाळी पंधरा अंशांत पाव बार भरला, होडी काठावर उन्हात ठेवली आणि आतली हवा पंचेचाळीस अंशांवर गेली, की झडपेवर मोजला जाणारा दाब जवळपास दीडपट होतो. काळ्या किंवा गडद रंगाच्या होडीत हे लवकर घडतं. तीच होडी गार पाण्यात उतरवली की दाब पडतो आणि नळ्या ढिल्या होतात. म्हणून काठावर थोडी कमी भरायची, पाण्यात उतरवून दहा मिनिटांनी पंप लावायचा, आणि जेवायला बाहेर ओढली की थोडी हवा सोडायची. एवढ्यासाठी दाब मोजणारं छोटं घड्याळ जवळ असावं. तळासाठी आतून हजारो धाग्यांनी बांधलेला हवेचा फुगीर तक्ता आता मिळतो. वर-खालचं कापड धाग्यांनी एकमेकांशी बांधलेलं असल्यामुळे तो फुगत नाही, सपाट आणि कडक राहतो. हे तंत्र गुडइयर कंपनीने हवेने फुगवायच्या विमानासाठी वापरलं होतं. ते विमान १९५६ मध्ये उडालंही. असा तळ वजनाला हलका असतो, पण त्यात बाजूच्या नळ्यांच्या दुप्पट-तिप्पट दाब लागतो आणि तो भरताना घाम निघतो. लाकडी फळ्यांचा तळ जड, पण खडकावर आपटला तरी निभावतो. मी कोयनेसारख्या खडकाळ नदीला फळ्या घेईन आणि उजनीच्या गाळाच्या काठाला हवेचा तळ.

नळीचा व्यासही पाहावा. पंचवीस सेंटिमीटर व्यासाची एक मीटर नळी सुमारे एकोणपन्नास किलो पेलते, चाळीस सेंटिमीटरची एकशे पंचवीस. म्हणजे लांबी न वाढवता होडी अडीचपट तरते. जाड नळीच्या होडीत बसायची जागा कमी होते, हे खरं. पण आखूड, जाड नळीची, दोन किंवा तीन कप्प्यांची होडी पंधरा-अठरा किलोंत बसते, आणि एवढं वजन एक माणूस अर्धा किलोमीटर नेऊ शकतो. तीस किलोंची होडी गाडीपासून पाण्यापर्यंत नेता नेता माणूस थकतो, मग ती ओढू लागतो, आणि काळ्या मातीतून ओढलेल्या होडीच्या तळात वेड्या बाभळीचे काटे मोडून राहतात. पाण्यात गेल्यावर फुटलेल्या होडीचं कारण पुष्कळदा असं जमिनीवर असतं.

होडीवरची वजनाची पाटी वाचताना थोडं कठोर व्हावं. 'दोन माणसांची' म्हणजे एक माणूस, गळांची पेटी, पाण्याची बाटली, डबा, नांगर आणि पकडलेला मासा. पाटीवर जेवढे किलो लिहिलेत त्याच्या दोन तृतीयांशांवर थांबावं. २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला माणसं वाचवायला निघालेली होडी क्षमतेपेक्षा जास्त लोक बसल्याने उलटली. त्या दिवशी लोकांना पर्याय नव्हता. सुटीच्या दिवशी मासे धरायला जाणाऱ्याला तो असतो.

नदीवर माझा सगळ्यात जास्त भर बंधाऱ्यांवर आहे, कारण याबद्दल नवख्याला कुणी सांगत नाही. आपल्या नद्यांवर दर काही किलोमीटरवर कोल्हापुरी पद्धतीचा बंधारा आहे. बर्गे घातलेले असले की वरच्या अंगाला शांत, खोल, माशांनी भरलेलं पाणी. खालच्या अंगाला फेसाळ डोह, तिथेही मासा असतो. वरून बघताना बंधारा मोठा वाटत नाही, माणसाच्या उंचीचा उतार. पण बंधाऱ्यावरून पडणारं पाणी तळाशी जाऊन पुन्हा भिंतीकडे वळतं आणि गोल फिरत राहतं. त्या फेऱ्यात सापडलेली हलकी होडी बाहेर येत नाही. ती भिंतीकडे ओढली जाते, पडत्या पाण्याखाली जाते, उलटते आणि पुन्हा तिथेच येते. माणसाचंही तसंच होतं, आणि फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्यामुळे तरंगणंही कमी होतं. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यातल्या सुगाव इथे प्रवरेत बुडालेल्या तरुणांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची होडी उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. ते प्रशिक्षित होते, हे काम त्यांचं रोजचं होतं. तेव्हा बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला होडी न्यायची तर भिंतीपासून भरपूर अंतर ठेवावं आणि खालच्या फेसात कधीही जाऊ नये. पलीकडे जायचं असेल तर होडी उचलून काठाने न्यावी. हवेची होडी घेण्याचा सगळ्यात मोठा फायदा तोच आहे.

दुसरा धोका वाऱ्याचा. हवेची होडी पाण्यात जेमतेम वीतभर बुडते आणि वर हातभर उंच असते. वारा तिला शिडासारखा धरतो. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव चढतो, तेव्हा फुगवट्यावर लाटा उठायला काही मिनिटं पुरतात. २१ मे २०२४ ला करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी अशाच वादळी वाऱ्यात उजनीत उलटली. सहा जण बुडाले, एक पोहून बाहेर आला. ती तर हवेच्या होडीपेक्षा किती तरी जड होती. उन्हाळ्यात दुपारी दोनच्या आत पाण्याबाहेर यायचं आणि वारा ज्या दिशेने वाहतो त्या दिशेने लांब जायचं नाही. परतताना वाऱ्याविरुद्ध वल्हवावं लागतं आणि छोट्या वल्ह्यांनी ते जमत नाही. खेळण्यातल्या होडीबरोबर येणारी प्लास्टिकची दोन तुकड्यांची वल्ही तर घरीच ठेवावीत. वल्हं टांगायचे आकडे रबरात पक्के बसवलेले आहेत की नुसते चिकटवलेले, हे होडी घेताना दोन्ही हातांनी ओढून पाहावं.

नांगराचं एवढंच: ओढीच्या पाण्यात तो होडीच्या कडेला बांधू नये, नाकाला बांधावा, आणि गाठ एका झटक्यात सुटणारी असावी. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. वरच्या धरणातून किंवा वीजघरातून पाणी सोडलं की शांत डोह वाहता होतो आणि कडेला बांधलेला नांगर होडीला कलती करून भरून टाकतो. पात्रात उतरण्याआधी वरच्या धरणाचा विसर्ग विचारून घ्यावा. जलसंपदा खात्याची माणसं आणि काठावरचे गावकरी हे सांगतात.

कृष्णेबद्दल वेगळं लिहायला हवं. सांगली जिल्ह्यात भिलवडी-औदुंबरच्या आसपास मगरी आहेत आणि त्यांनी माणसांवर हल्ले केलेले आहेत. सावित्री आणि वाशिष्ठीतही मगर आहे, पवईच्या तलावातही. पाण्यापासून हातभर उंचीवर, पाय आणि हात बाहेर टाकून बसलेला माणूस, जाळीत लटकवलेला जिवंत मासा होडीच्या कडेला. मगरीच्या पाण्यात हे करू नये. त्या पट्ट्यांत हवेच्या होडीची जागाच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे काठ बरा.

होडीचा शत्रू आतही असतो. शिंगाळ्याच्या परांचे काटे दातेरी आणि टणक असतात. धडपडणारा शिंगाळा पातळ नळीवर आपटला तर भोक पडतं. चिलापीच्या पाठीचे काटेही कमी नाहीत. म्हणून होडीत प्लास्टिकचा जाड क्रेट ठेवावा आणि मासा सरळ त्यात टाकावा. गळ मोकळे सोडू नयेत. चाकू म्यानात. उभं राहून गळ फेकण्याचा मोह आवरावा. अडीच मीटरच्या होडीत उभं राहणं म्हणजे पाण्यात पडण्याची तयारी.

आणि भोक पडलंच तर? इथे ट्यूबवाला सुखी असतो. कुठल्याही नाक्यावर पंक्चरवाला सोल्यूशन लावून, ठिगळ चिकटवून, वाफेच्या शेगडीवर दाबून दहा मिनिटांत ट्यूब परत देतो. पीव्हीसीची होडी मात्र त्याच्याकडे नेऊ नये. टायरचं सोल्यूशन पीव्हीसीला धरत नाही. काही वेळ चिकटल्यासारखं वाटतं आणि पाण्यात सुटतं. पीव्हीसीला पॉलियुरेथेनचा गोंद लागतो, त्याआधी जागा ॲसिटोनने पुसावी लागते, आणि चिकटवल्यावर एक दिवस वाट पाहावी लागते. हे सामान होडीबरोबरच घ्यावं, कारण गोंदाच्या नळीची मुदत संपते आणि तालुक्याच्या गावात तो मिळत नाही. घरी आल्यावर होडी गोड्या पाण्याने धुवून, सावलीत पूर्ण वाळवून, सैल घडी घालून ठेवावी. आपल्या घरांत होडीचा सगळ्यात मोठा शत्रू बाभूळ नाही, उंदीर आहे. माशाचा वास राहिलेली होडी माळ्यावर टाकली, तर पुढच्या हंगामात तिचे कुरतडलेले तुकडे मिळतात. झाकणाच्या पिंपात किंवा पत्र्याच्या पेटीत ती सुरक्षित राहते.

पाण्यात उतरण्याआधी परवानगीचंही पाहावं. बहुतेक धरणांच्या जलाशयांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो; त्यांनी बीज सोडलेलं असतं, त्यावर त्यांची घरं चालतात. गळ टाकायचा तर त्यांना विचारून, ते म्हणतील ते शुल्क देऊन. महाडजवळच्या वाळणकोंडीसारखे देवाचे डोह आहेत, तिथे गावाने पिढ्यान्‌पिढ्या मासा राखला आहे. त्या डोहातला खडशी मासा, ज्याला जग महसीर म्हणतं, तोच दख्खनी महसीर कर्नल साइक्सने १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून नोंदवला होता. आज त्या नदीची अवस्था सगळ्यांना माहीत आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात महसीरचं बीज तयार करून सोडलं जातं, तेव्हा कुठे तो काही पाण्यांत टिकून आहे. होडीमुळे माणूस अशा डोहांपर्यंत पोचतो जिथे तो आधी पोचत नव्हता. महसीर गळाला लागला तर तो ओल्या हातांनी सोडून द्यावा. आणि पावसाळ्यात चढणीच्या माशाच्या वाटेत होडी घालूच नये, त्या पाण्यात ती चालणारही नाही.

मोटार लावण्याचा विचार असेल तर थांबून चौकशी करावी. बॅटरीवरची असली तरी मोटार लागली की होडी यांत्रिक ठरते आणि २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याचा प्रश्न येतो. शिवाय बॅटरीचं वजन होडीला 'खांद्यावरची' राहू देत नाही.

ट्यूबवाल्यांकडे परत येतो, कारण हा लेख लिहिताना माझ्या मनात जास्त वेळ तेच होते. हौशी माणूस महिन्यातून एकदा पाण्यात जातो आणि दोन कप्प्यांची होडी व जॅकेट विकत घेतो. रोज अंधारात पाण्यात उतरणाऱ्याकडे यातलं काही नसतं. बिगरयांत्रिक नौकांसाठी मच्छीमारांना शासकीय अनुदान मिळतं, पण ते लाकडी, पत्र्याच्या आणि फायबरच्या होडीचा विचार करून ठरलेलं आहे. पाणी अर्धा किलोमीटर मागे हटणाऱ्या जलाशयावर एकट्या माणसाला फायबरची होडी ओढता येत नाही, म्हणून तो ट्यूबवरच राहतो. जाड पीव्हीसीची, दोन कप्प्यांची, बारा-पंधरा किलोंची होडी त्या यादीत घालायला हवी, आणि तिच्याबरोबर गोंदाचा डबा आणि तो वापरायला शिकलेला गावातला एक पंक्चरवालाही.

मात्र आज दुकानात आहे ती होडी जशीच्या तशी देऊन भागणार नाही. भिगवणकडच्या काठावर एका मासेमाराला अशी होडी दाखवली, तेव्हा त्याने नळी दाबून पाहिली, उचलून पाहिली आणि मग जाळं कुठून सोडायचं असं विचारलं. प्रश्न बरोबर होता. तंगूस जाळं कशातही अडकतं: झडपेच्या टोपणात, दोरीच्या कड्यांत, वल्ह्याच्या आकड्यांत, पिशवीच्या झिपमध्ये. हौशी माणसाच्या सोयीसाठी लावलेली प्रत्येक वस्तू जाळेवाल्याच्या वाटेत येते. त्याला मागची बाजू पूर्ण कोरी हवी, झडपा आतल्या अंगाला आणि झाकलेल्या, जाळं पसरायला सपाट, निसरडा तक्ता, आणि भिजलेलं जाळं ओढताना होडी कलू नये म्हणून मागच्या नळ्या पुढच्यापेक्षा जाड. रंग फिका हवा, कारण होडी दिवसभर उन्हात पडून राहणार. बैठक काढता येणारी हवी, कारण तो बसून नाही, गुडघ्यावर टेकून जाळं ओढतो. यातलं काहीही महाग नाही आणि यातल्या कशालाही नवं तंत्र लागत नाही. ज्या कारखान्यांत बचावपथकांच्या होड्या बनतात, तिथे हे बनू शकतं. मत्स्यव्यवसाय खात्याने एखाद्या जलाशयावर अशा वीस होड्या एक हंगाम वापरायला द्याव्यात आणि कुठे फाटल्या, कुठे अडकल्या, किती दिवस चालल्या, याची नोंद मासेमारांकडूनच घ्यावी.